गुप्त ज्ञानाच्या शोधात निघालेला सांखवाळचा माणूस: धर्मानंद कोसंबी

निरंजनातीर (धागाकर्ती)

या मंडळावर दर काही दिवसांनी कोणीतरी विचारतं: हिमालयात अजून सिद्धपुरुष आहेत का, तिबेटच्या एखाद्या मठात जगापासून लपवलेले ग्रंथ आहेत का, तिथवर पोचायचं कसं? विचारणाऱ्यांची तळमळ खरी असते. म्हणून अशाच तळमळीने घर सोडलेल्या आपल्याच एका माणसाबद्दल सविस्तर लिहितेय.

धर्मानंद कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या सांखवाळचा. राज्य पोर्तुगिजांचं. शाळा जेमतेम, घरचे माड सांभाळणं हेच काम, लहानपणी झालेलं लग्न. 'बालबोध' या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचायला मिळालं आणि या तरुणाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: या माणसाने नेमकं काय सांगितलं ते मुळातून समजून घ्यायचं. विचारणार कोणाला? गावात कोणी नाही, पणजीत नाही, मुंबई-पुण्यातही बुद्धाचे मूळ शब्द शिकवणारी पाठशाळा नाही. कार्ल्याची, कान्हेरीची, नाशिकची लेणी डोळ्यांसमोर उभी होती आणि आपण त्यांना पांडवांची म्हणत होतो. विहार भिक्षूंनी वापरलेले, दान कोणी दिलं ते भिंतींवर प्राकृतात कोरलेलं, पण वाचणारं कोणी उरलं नव्हतं. ज्ञान लपवलेलं असण्याचा हा माझ्या मते सगळ्यात दुःखद प्रकार आहे. कुलूप नाही, पहारा नाही, आणि तरी ते कोणाच्याच हाती नाही.

१८९९ च्या अखेरीस ते घरातून निघाले. पुण्यात संस्कृतचे मोठे पंडित डॉ. रा. गो. भांडारकर यांची भेट झाली. संस्कृत पक्कं हवं, म्हणून ग्वाल्हेरवरून काशी गाठली. अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडे व्याकरण घोकायचं, असा तिथला क्रम. काशीचे हे दिवस लोक घाईने ओलांडून पुढे जातात, मला मात्र ते सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. बुद्धाच्या ओढीने निघालेला माणूस कौमुदी हा संस्कृत व्याकरणाचा ग्रंथ पाठ करत बसलाय. शोधाचा हा भाग कोणाला रोमांचक वाटत नाही, पण याच्याशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं.

१९०२ मध्ये ते नेपाळात गेले. बुद्धाची जन्मभूमी तिकडची, तेव्हा धर्म तिथे जिवंत असेल ही आशा. जे पाहिलं त्याने ते फार निराश झाले. आपल्यापैकी अनेकांचा शोध अशाच जागी थांबतो. स्वप्नातलं गाव प्रत्यक्षात वेगळंच निघतं, मग माणूस एक तर परत फिरतो, नाही तर दिसेल त्यालाच आपलं स्वप्न समजून घेतो. कोसंबींनी यातलं काहीच केलं नाही. बोधगया आणि कलकत्ता करून ते सिंहलद्वीपी, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, पोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात (भिक्षूंच्या विद्यालयात) सुमंगल महास्थविरांपाशी श्रामणेर, म्हणजे नवशिके भिक्षू, झाले आणि बुद्धवचनं जिच्यात जपली गेली ती पाली भाषा शिकू लागले. पुढे ब्रह्मदेशात भिक्षू म्हणून राहिले, ध्यानाचा अभ्यास केला.

तिथे त्यांना जे मिळालं ते कोणी कोणापासून लपवलेलं नव्हतं. इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळात, सिंहलातल्या भिक्षूंनी तोंडपाठ चालत आलेलं त्रिपिटक, म्हणजे बुद्धवचनांचा पाली संग्रह, अलुविहारात लिहून काढलं. दुष्काळ आणि लढायांमध्ये पाठ करणारेच मरू लागले होते, सगळं एकदम जाईल ही भीती होती. मंडालेला मिंडॉन राजाने ७२९ संगमरवरी शिलांवर अख्खं त्रिपिटक कोरून घेतलं, ते १८६८ मध्ये पूर्ण झालं. प्रत्येक शिलेवर वेगळी घुमटी. आजही कुथोडो पगोड्यात कोणीही जाऊन वाचू शकतं. १८९३ मध्ये सयामच्या राजाने ते छापून जगभरच्या ग्रंथालयांना वाटलं. लंडनची पाली टेक्स्ट सोसायटी १८८१ पासून रोमन लिपीत छापत होती. म्हणजे सांखवाळचा हा तरुण घरातून निघाला तेव्हा हे 'गुप्त' ज्ञान सिंहली, ब्रह्मी, सयामी आणि रोमन अशा लिप्यांमध्ये उपलब्ध होतं. नव्हतं ते आपल्याकडे.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुन्या ज्ञानाची ओढ असलेल्याने कोसंबींची वाट बघावी. भाषा शिका, शिकवणाऱ्याच्या पायाशी बसा, आणि मिळालं की आपल्या लोकांच्या भाषेत आणा. हे तिसरं त्यांनी जन्मभर केलं. कलकत्ता विद्यापीठातल्या चांगल्या पगाराच्या नोकरीवर पाणी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये पत्करले, कारण त्यामुळे महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिता येणार होतं.

'निवेदन' हे त्यांचं आत्मचरित्र कोणी वाचलं असेल तर जरूर लिहा.

---

डोंगरकडा

वाचनखूण साठवली. कुथोडोच्या शिलांबद्दल पहिल्यांदाच कळलं.

---

माणिकताई_गोवा

लेख आवडला, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोसंबी निघाले तेव्हा बाळाबाईंच्या पदरात तान्ही मुलगी होती. शोधाला निघालेल्या पुरुषांच्या सगळ्या गोष्टींत हे असं एका ओळीत संपतं, तुमच्या लेखात तर तेही 'लहानपणी झालेलं लग्न' एवढ्यातच उरकलंय. नवरा कुठे आहे, जिवंत आहे की नाही, परत येणार की संन्यासीच होणार, हे काहीही माहीत नसताना सासरी राहणं म्हणजे काय, ते आमच्या गोव्यातल्या घरांमधून बघितलेलं आहे. माझ्या आजीच्या चुलतीचा नवरा असाच काशीला गेला होता. तो परतला नाही. ती शेवटपर्यंत कुंकू लावत होती आणि घरातल्या कार्यात तिला पुढे बोलावावं की नाही, यावर दर वेळी कुजबुज व्हायची. बुद्धाच्या गोष्टीत यशोधरेचं जे होतं तेच इथे झालं. ज्ञान मोठं आहे यात शंका नाही, पण त्याची किंमत कोणी मोजली हेही लिहा.

---

निरंजनातीर

माणिकताई, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. कोसंबी भिक्षुजीवन सोडून १९०६ मध्ये परत संसारात आले. पुढच्याच वर्षी ३१ जुलैला दामोदरचा जन्म झाला, तेच गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी. १९१८ मध्ये हार्वर्डला पुन्हा जाताना थोरली माणिक आणि दामोदर या दोघांना ते शिकायला सोबत घेऊन गेले. मुलीला अमेरिकेत शिकवणं त्या काळी साधं नव्हतं. पण याने बाळाबाईंची ती वर्षं भरून निघतात असं मी म्हणणार नाही. त्या वर्षांबद्दल बाळाबाईंच्या स्वतःच्या शब्दांत आपल्याला काही वाचायला मिळत नाही, याची मला फार खंत वाटते.

---

गहिनीसुत

ताई, आदर राखून विरोध नोंदवतो. तुम्ही 'गुप्त'ला फारच हलकं केलंत. आमच्या नाथपंथात काही गोष्टी गुरुमुखातूनच मिळतात आणि त्याला कारण आहे. प्राणायामातले काही प्रकार पुस्तकात वाचून केले तर माणसाला इजा होते, मी अशी माणसं पाहिली आहेत. एकाला महिनोन् महिने झोप नव्हती, घरच्यांनी शेवटी डॉक्टरांकडे नेलं. ग्रंथ संगमरवरावर कोरला म्हणून साधना मिळत नाही. गुरू शिष्याची तयारी बघतो, त्याचं शरीर, त्याचं मन बघतो आणि मग एक एक पाऊल देतो. याला लपवणं म्हणू नये.

दुसरं असं की कोसंबी स्वतः सिंहलात आणि ब्रह्मदेशात आचार्यांच्या पायाशी जाऊन बसलेच ना? नुसत्या छापील पोथीवर भागलं असतं तर कलकत्त्यात बसूनही झालं असतं.

---

निरंजनातीर

गहिनीसुत, तुमचा दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, मीही शिकवणाऱ्याच्या पायाशी बसा असंच म्हटलंय. साधनेत माणूस समोर हवा.

पण योग्य वेळी देणं आणि मूठ झाकून ठेवणं यांत फरक आहे. महापरिनिब्बाण सुत्तात म्हातारे, आजारी बुद्ध आनंदाला सांगतात की मी धर्म शिकवताना आतलं आणि बाहेरचं असा भेद केला नाही, तथागताची आचार्यमुष्टी, म्हणजे काही राखून ठेवणारी गुरूची झाकली मूठ, नसते. अखेरच्या दिवसांत मुद्दाम हे सांगावंसं वाटलं, म्हणजे त्या काळीही मूठ झाकणारे आचार्य भरपूर असणार.

आणि नाथपंथाचंच बघा. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून ज्ञानदेवांकडे जे आलं, ते ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला मराठी ओव्यांत सांगितलं. सहाव्या अध्यायात आसन कसं घालायचं, बंध कसे बांधायचे, कुंडलिनी जागी झाली की देहात काय काय घडतं, हे सगळं इतक्या तपशिलाने आलंय की वाचताना अंगावर काटा येतो. मूळ गीतेत त्या ठिकाणी मोजकेच श्लोक आहेत. परंपरेच्या आतली गोष्ट त्यांनी बायाबापड्यांच्या भाषेत आणून ठेवली. तुमच्याच परंपरेतल्या या औदार्यापुढे मी हात जोडते.

---

गहिनीसुत

सहाव्या अध्यायाबद्दल लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. तरी म्हणतो, तो अध्याय वाचून कोणी एकट्याने बंध बांधायला बसू नये.

---

पोथीशोध

धाग्याच्या विषयाला धरून एक भर घालतो, कारण 'तिबेटच्या मठात लपलेले ग्रंथ' ही अगदीच कल्पना नाही. राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात गेले. पहिल्या वेळी नेपाळमार्गे वेष पालटून, कारण परवानगी नव्हती. नालंदा-विक्रमशिला उद्ध्वस्त झाल्यावर भारतात ज्यांची एकही प्रत उरली नव्हती, असे संस्कृत ग्रंथ ताडपत्रांवर तिकडच्या मठांत सुरक्षित होते. साक्य, ङोर, शालू अशा मठांतल्या कोठारांमध्ये त्यांनी ती पानं धुंडाळली. बौद्ध तर्कशास्त्री धर्मकीर्तीचं 'प्रमाणवार्तिक' आपण तोवर तिबेटी भाषांतरावरूनच ओळखत होतो, त्याचा मूळ संस्कृत पाठ त्यांच्यामुळे जगापुढे आला. मठ पोथ्या देत नसत, म्हणून काही हाताने उतरवून घेतल्या, काहींचे फोटो काढले. थंडी, पैशांची चणचण आणि मोजक्या फिल्म यांवर सगळा भार. हा संग्रह पाटण्याला आहे.

म्हणजे शोधायला जावं. पण राहुलजी आधी सिंहलात विद्यालंकार परिवेणात राहून पाली शिकले, तिबेटी शिकले, मग गेले. कोठारात शिरल्यावर कुठलं पान अनमोल आणि कुठलं नेहमीचं, हे ओळखता आलं ते त्या तयारीमुळे. निरंजनातीर म्हणतात ते इथेही लागू पडतं.

याच्या उलट उदाहरणही आहे. निकोलस नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाने १८९४ मध्ये पुस्तक काढलं की लडाखच्या हेमिस मठात येशूच्या अज्ञात आयुष्याची पोथी मला वाचून दाखवली. पुढच्या वर्षी आग्र्याचे प्रोफेसर डग्लस हेमिसला गेले, तेव्हा तिथल्या मुख्य लामांनी अशी पोथी नाही आणि असा प्रवासीही आला नाही असं सांगितलं. तरी ती गोष्ट आजतागायत फिरते आहे. ज्या पोथीचं पान कोणालाच दाखवता येत नाही तिच्यामागे आयुष्याची वर्षं घालवू नयेत, असं मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं. माझ्या जवळच्या मित्राने त्यात बरीच वर्षं आणि बराच पैसा घालवला आहे.

---

सकाळची_बैठक

मी इगतपुरीला जाऊन आलेय, त्यामुळे ब्रह्मदेशाचा उल्लेख वाचून थांबले. आज विपश्यनेच्या शिबिराला कोणीही जाऊ शकतं, पण ही साधना इथवर आली ती ब्रह्मदेशातूनच. लेडी सयाडो (१८४६–१९२३) या ब्रह्मी भिक्षूंनी गृहस्थांना ध्यान शिकवण्यावर भर दिला. त्यांच्याकडून सया थेटजी, मग ऊ बा खिन आणि त्यांच्याकडून सत्यनारायण गोएंका. थेटजी शेतकरी, ऊ बा खिन सरकारी हिशेब खात्यातले मोठे अधिकारी. गोएंकाजींनी भारतात १९६९ पासून शिबिरं घ्यायला सुरुवात केली. कोसंबी ब्रह्मदेशात होते तेव्हा लेडी सयाडो हयात होते, हे आत्ता तारखा जुळवताना लक्षात आलं.

कोसंबींनी ध्यानावर मराठीत काही लिहिलंय का?

---

निरंजनातीर

हो, 'समाधिमार्ग'. छोटंसं आहे, भाषा अगदी सरळ. 'विसुद्धिमग्ग' हा बुद्धघोषाचा अवाढव्य पाली ग्रंथ त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यासला होता, त्याचं सार त्यात उतरलंय. त्या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीसाठीच हार्वर्डने त्यांना १९१० मध्ये पहिल्यांदा बोलावलं. हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतलेलं काम त्यांच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिलं होतं. कोसंबींनी ते पुढे नेलं, पण हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० मध्ये, कोसंबी गेल्यावर तीन वर्षांनी. मधल्या काळात, १९४० मध्ये, त्यांनी देवनागरीत स्वतःची आवृत्ती मुंबईत भारतीय विद्या भवनातर्फे काढली होती. जो पाठ सिंहली आणि ब्रह्मी लिपीत शोधत हिंडावं लागलं तो आपल्या लिपीत आणूनच ते थांबले.

---

परळकर

या धाग्यावर माझ्या घरचं सांगतो. आमचे आजोबा गिरणीत होते. कोसंबींनी १९३७ मध्ये परळला बहुजन विहार उभा केला, कामगारवस्तीत. जगभर हिंडून, चार वेळा अमेरिका, एकदा रशिया करून हा विद्वान आमच्या चाळींच्या मधोमध येऊन बसला. आजोबा तिथे जायचे. नावापुरतं वाचता येणारा माणूस, पण त्रिशरण आणि पंचशील त्यांनी तिथे ऐकलं ते १९५६ च्या बरंच आधी. नागपूरच्या दीक्षेची बातमी आली तेव्हा आजोबा म्हणाले होते की हे शब्द मला ठाऊक आहेत.

अजून एक. सिद्धार्थाने घर सोडलं ते म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी बघून, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. कोसंबींनी त्रिपिटकातल्या सुत्तनिपात या ग्रंथातल्या अत्तदंड सुत्ताच्या आधारे वेगळी मांडणी केली: सिद्धार्थाचे शाक्य आणि शेजारचे कोलिय यांच्यातलं रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण, हाती शस्त्र घेतलेली आपलीच माणसं आणि त्याचा उबग. पुढे बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागाचं कारण रोहिणीच्या पाण्याचं भांडण हेच येतं. पाण्यासाठी लढलेल्या आमच्या माणसांना ते कारण जास्त खरं वाटतं. मूळ भाषा येणाऱ्या माणसाने मूळ पाठ उघडून बघितला नसता तर हे आमच्यापर्यंत पोचलं नसतं. म्हणून माझ्या लेखी कोसंबींचा प्रवास सिंहलात संपत नाही, परळच्या त्या विहारापर्यंत येतो.

---

निरंजनातीर

परळकर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आजोबांच्या अजून काही आठवणी घरात कोणाला माहीत असतील तर कृपा करून लिहून काढा, इथे नाही तरी वहीत तरी.

---

माणिकताई_गोवा

परळकरांचं वाचून भरून आलं. शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात कोसंबी होते आणि तुरुंगातही गेले, हे आमच्या भागातले जुने लोक सांगत. शेवट सेवाग्रामला झाला, ४ जून १९४७ ला, अन्नत्याग करून. स्वातंत्र्याला जेमतेम सव्वादोन महिने उरले होते.

---

नवा_विद्यार्थी

नमस्कार. मी कॉलेजला आहे. हिमालयात जायचं असं डोक्यात घेऊन या मंडळावर आलो होतो, त्याच्याबद्दल आधी एक धागाही काढला होता. आता पाली शिकावंसं वाटतंय. दोन शंका आहेत. आधी संस्कृत यायलाच हवं का? दहावीपर्यंत संस्कृत होतं, तेवढंच. आणि सुरुवात कुठून करू?

---

पोथीशोध

दहावीचं संस्कृत पुष्कळ झालं. कोसंबींच्या वेळी दुसरी वाट नव्हती म्हणून त्यांना काशीतून जावं लागलं. पालीत द्विवचन जवळजवळ नाही, संधी सोपे, जोडाक्षरं कमी. धर्माचं धम्म, भिक्षूचं भिक्खु, मार्गाचं मग्ग, एवढ्यावरून मराठी माणसाचा कान लवकर तयार होतो. मुंबई आणि पुणे विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत, प्रमाणपत्राचे वर्गही चालतात. प्रवेश जूनच्या आसपास असतात, चौकशी करून घे.

---

निरंजनातीर

धम्मपदापासून सुरुवात कर. गाथा छोट्या आहेत, पाठ होतात, मराठी अर्थासह सहज मिळतात. रोज एक गाथा आधी मोठ्याने म्हण, मग अर्थ बघ, मग प्रत्येक शब्द सुटा कर. ते अंगवळणी पडलं की सुत्तनिपाताकडे वळ, तिथली भाषा जुनी आणि थोडी अवघड आहे. सोबत कोसंबींचं 'भगवान बुद्ध' वाचत राहा, म्हणजे कुठली गोष्ट मूळ पाठातली आणि कुठली नंतर जोडलेली, हे बघायची सवय लागेल. त्रिपिटक देवनागरीत हवं असेल तर भिक्खू जगदीश काश्यप यांच्या देखरेखीखाली नालंद्याहून निघालेली आवृत्ती आहे, मोठ्या ग्रंथालयांत मिळते.

हिमालयातही जा, त्याला कोणाचीच ना नाही. पण मे महिन्यात गेलास तर परत येऊन जूनचा प्रवेश गाठता येईल असं बघ.